नागपूर, पत्रक ५५ ओ/४

नागपुरात प्लॉट विकत घ्यायला निघालेल्या माणसाला शहराच्या इतिहासात काडीचाही रस नसला, तरी एका जुन्या नकाशाशी त्याची गाठ पडतेच. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ले-आउटचे नवे, गोंडस नाव मोठ्या अक्षरांत असते आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत मौजा म्हणजे महसुली गाव, खसरा नंबर म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक आणि पटवारी हलका नंबर म्हणजे तलाठ्याच्या क्षेत्राचा क्रमांक छापलेला असतो. ज्या गावाचा तो मौजा, त्या गावावर शहर पसरून कितीतरी वर्षे लोटली. शेते गेली, पांदणी गेल्या, विहिरी बुजल्या, आणि तरीही त्या जमिनीची ओळख आजही गावाच्या नकाशानेच पटवली जाते. लेंड्रा, गाडगा, हिवरी ही नावे अशा कागदांत नेहमी भेटतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले असे परंपरेने सांगितले जाते, आणि त्या बारांच्या यादीत ही तिन्ही नावे आहेत. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या खेड्याचे नाव आपल्या विक्रीपत्रात आहे, फक्त ते खेडे कुठून कुठपर्यंत होते हे आपल्याला ठाऊक नसते.

गेली काही वर्षे मी जुने नकाशे हाताशी घेऊन नागपूर पायी पाहतो आहे. या नादाला लागणारे बहुतेक लोक नाहीशा झालेल्या वास्तू शोधायला लागतात: कोट कुठे होता, भोसल्यांचा वाडा किती मोठा होता, कोणता दरवाजा कोणत्या चौकात होता. त्यात गैर काही नाही, परंतु अशा गोष्टींविषयी गॅझेटिअर, पत्रव्यवहार आणि घराघरांतल्या आठवणी नकाशापेक्षा पुष्कळ अधिक सांगतात. जुना नकाशा जे दुसऱ्या कुठल्याही कागदापेक्षा विश्वासाने सांगतो ते म्हणजे जमिनीचा उतार आणि पाण्याची वाट. इमारती पडतात, रस्ते रुंद होतात, वस्त्यांची नावे बदलतात. पाणी मात्र आपला जुना हक्क सोडत नाही. नागपूरसारख्या वरवर सपाट दिसणाऱ्या शहरात तर हे जास्तच जाणवते, कारण इथे दहा-पंधरा फुटांचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि पावसाळ्यात तोच फरक सगळे ठरवतो.

सुरुवात करायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटपासून, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाच्या पत्रकापासून करावी. या विभागाने सगळा देश अंश-मिनिटांच्या चौकटींत वाटला आहे. चार अंश लांबी-रुंदीच्या मोठ्या चौकटीला आकडा, तिच्यातल्या एक अंशाच्या चौकटीला रोमन अक्षर आणि पंधरा मिनिटांच्या चौकटीला पुन्हा आकडा अशी ही पद्धत आहे. तिच्यात नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रकात येते. हे पत्रक ७९ अंश रेखांशापासून सुरू होते आणि पूर्वेला पाव अंशापर्यंत, म्हणजे ७९ अंश १५ मिनिटांपर्यंत जाते. जमिनीवर मोजले तर ही चौकट साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच भरते. सीताबर्डी, महाल, इतवारी, कामठी हे सारे याच एका कागदावर मावते. जुन्या काळची पत्रके एक मैलाला एक इंच या प्रमाणाची असत आणि त्यांच्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या असत. मेट्रिक पद्धत आल्यावर हे प्रमाण १:५०,००० झाले, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर झाला.

या चौकटीची एक गंमत नागपूरकराने आधीच लक्षात घ्यावी. शहर पत्रकाच्या मधोमध नाही, ते डाव्या बाजूला सरकलेले आहे. ७९ अंशांची रेषा वाडीच्या आसपासून जाते, आणि नाग नदीचा उगम मानला जातो त्या लाव्याच्या टेकड्या या रेषेच्या काठाशी येतात. नदीचे शहर एका पत्रकावर आणि तिच्या माथ्याचा प्रदेश शेजारच्या ५५ के/१६ वर असा प्रकार झाला आहे. ज्याने फक्त शहराचे पत्रक घेतले त्याला नाग नदी अंबाझरीच्या तलावातूनच निघते असे वाटू लागते, आणि शहरातल्या बऱ्याच लोकांची समजूत खरोखर तशीच आहे.

याहून जुन्या नकाशांकडे गेलो की दुसरी अडचण येते. १९०५ च्या आधीच्या अनेक भारतीय नकाशांच्या समासात एक टीप असते, आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्या काळी भारतातले सर्व रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून मोजले जात आणि त्या वेधशाळेचा रेखांश ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद धरला होता. पुढे तार यंत्रणेच्या साहाय्याने वेळेची तुलना अचूक होऊ लागली, तेव्हा हा आकडा सुमारे २ मिनिटे २७ सेकंदांनी जास्त असल्याचे ठरले. एवढ्याशा कोनाने काय होते असे वाटू शकते. नागपूरच्या अक्षांशावर त्याचे अंतर सव्वाचार किलोमीटरच्या आसपास भरते. जुन्या नकाशावरचा अंबाझरी तलावाचा रेखांश जसाच्या तसा मोबाइलमध्ये टाकला तर तलाव धंतोलीत येऊन बसतो. नकाशा काढणाऱ्यांनी गावांची एकमेकांपासूनची अंतरे बिनचूक मोजली होती. सगळा देशच्या देश एकाच मापाने पूर्वेला सरकला होता, एवढेच.

मोजणीचा विषय निघाला की नागपूरकर झिरो माइलच्या दगडी स्तंभाकडे बोट दाखवतो. या दगडाभोवती भारताच्या मध्यबिंदूची जी कथा उभी राहिली आहे तिच्याविषयी मला फारसे प्रेम नाही. देशाचा मध्य कोणता हे देशाची सीमा कशी धरता यावर अवलंबून असते आणि हा मान मध्य प्रदेशातल्या करौंदी या गावालाही दिला जातो. दगडावर काय लिहिले आहे ते वाचले तर खरी हकिकत अधिक रंजक आहे. ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे १९०७ सालचे प्रमाण तलचिन्ह, म्हणजे मोजलेल्या उंचीची पक्की खूण आहे आणि त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत कोरलेली आहे. मुंबई, मद्रास, कारवार अशा किनाऱ्यांवर भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी ठरवायची आणि तिथून पातळीयंत्र व पट्टी घेऊन पावलापावलाने देशाच्या आत उंची वाहून आणायची, या प्रचंड कामाचा तो एक टप्पा होता. स्तंभाच्या चौथऱ्यावर जबलपूर, हैदराबाद, चांदा अशा गावांची मैलांतली अंतरे आहेत आणि लोक तीच वाचून छायाचित्र काढतात. माझ्या कामाचा आकडा मात्र उंचीचा आहे. शहरातल्या कुठल्याही जुन्या उंचीशी ताडून पाहायला तो एक भरवशाचा आधार आहे.

या सर्वेक्षणाचा नागपूरशी आणखी एक धागा आहे आणि तो शहरात कोणी फारसा सांगत नाही. दक्षिणेकडून उत्तरेला एका रेखांशाच्या कडेने लांबच लांब कंसाची (ग्रेट आर्कची) मोजणी करीत आलेला इंग्रज सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेतच, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्याचे नाव मिळाले. लॅम्बटनच्या वाट्याला वर्धा जिल्ह्यातली एक कबर आली. आपल्या टोपोशीटवर टेकडीच्या माथ्यावर जो लहान त्रिकोण आणि त्याच्याशेजारी उंचीचा आकडा असतो, त्याची परंपरा या माणसापर्यंत जाते.

आता नदीकडे येतो, कारण नकाशांनी मला सर्वांत जास्त काय शिकवले असेल तर नाग नदी वाचायला. शहरातून तिला पाहिले तर ती एक नाला वाटते, आणि नागपुरात तिला नाला म्हणणारेच जास्त आहेत. पत्रकावर तिच्या डाव्या-उजव्या बाजूच्या समोच्च रेषा पेन्सिलीने गिरवल्या की चित्र पालटते. पश्चिमेला आणि वायव्येला काळ्या बेसॉल्टच्या टेकड्या आहेत: सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी, लाव्याकडचा चढ. तिकडून जमीन पूर्वेला कन्हान नदीच्या दिशेने उतरत जाते. शहराच्या दक्षिण अर्ध्या भागाचे पाणी नाग नदी घेते, उत्तर भागाचे पाणी गोरेवाड्याकडून येणारी पिली नदी घेते, आणि दोघी शहराच्या पूर्वेला एकत्र येऊन पुढे कन्हानला मिळतात. या दोन नद्यांच्या मधली उंच पट्टी म्हणजे सिव्हिल लाइन्सचा भाग. इंग्रजांनी आपले बंगले याच कण्यावर बांधले, जिथे पाणी साचत नाही आणि वारा लागतो, आणि जुने गाव खाली, नदीच्या जवळ, तलावांच्या सोबतीने राहिले. साहेबाचा बंगला उंचावर का आणि विणकराची वस्ती सखल भागात का, याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

त्या सखल भागाला पूर्वी तलावांनी सांभाळले होते. जुन्या नकाशांवर नागपूर आणि परिसरातल्या निळ्या ठिपक्यांची संख्या पाहून आजचा माणूस चकित होतो. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर, नाईक तलाव, लेंडी तलाव, आणि खेड्यापाड्यांतल्या असंख्य बोड्या म्हणजे लहान तळी. यांतले काही भोसल्यांच्या बागांना पाणी देण्यासाठी होते, काही पिण्यासाठी, आणि बोड्या तर मालगुजारांनी, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांनी, भाताच्या बांध्यांना पाणी मिळावे म्हणून गावोगाव बांधल्या होत्या. एक तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई. नकाशावर तलाव ओळखायचा तर निळा रंग पाहू नये, पाळ म्हणजे तलावाचा बांध पाहावा. पाळीची जाड रेघ नेहमी उताराच्या बाजूला असते. पाणी आटते, तलाव बुजतो, त्यावर ले-आउट पडते, पण पाळ खणून काढायला कोणी जात नाही; ती रस्ता बनते. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत एखादा रस्ता विनाकारण दोन-तीन फूट उंच आहे, थोडा वाकलेला आहे आणि त्याच्या एकाच बाजूची घरे खाली आहेत, असे दिसले की मी जुने पत्रक उघडतो. पांढराबोडी हे नाव आज एका दाट वस्तीचे आहे. नावातली बोडी कुठे होती असे तिथल्या तरुण मुलांना विचारले तर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि एखादी म्हातारी बाई मात्र बसल्या जागेवरून हात करून दाखवते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झाले ते नागपूर अजून विसरलेले नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, शंकरनगरचा काही भाग, पुढे सीताबर्डीतले मोर भवनचे बसस्थानक, झाशी राणी चौक, पंचशील चौकातला पूल अशी त्या पाण्याची वाट होती. दोष कोणाचा, भिंत कोणी बांधली, परवानगी कोणी दिली, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तो वाद इथे मला आणायचा नाही. मी त्या दिवशी संध्याकाळी बातम्यांत आलेली ठिकाणे एक इंची जुन्या पत्रकावर खुणावली. ती सारी ठिकाणे नदीच्या रेघेला लागून, एका पट्ट्यात आली. त्या पत्रकाच्या काळी या पट्ट्यात घरे नव्हती. अंबाझरी हा भोसल्यांच्या काळातला तलाव, १८७० च्या दशकात शहराला नळाने पाणी पुरवण्यासाठी वाढवलेला. त्याच्या सांडव्याच्या खाली वस्ती करू नये हे त्या काळी लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नसावी, कारण ते उघड होते.

नद्यांच्या रेषांबद्दल एक बारकावा सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावर बारमाही पाण्याचा प्रवाह निळा आणि वर्षातला बराच काळ कोरडा राहणारा प्रवाह काळा छापतात. घाईत नकाशा पाहणाऱ्याची नजर निळ्यावर जाते आणि काळ्या रेघा पायवाटांत मिसळून जातात. विदर्भातले बहुतेक नाले काळे आहेत. नगररचनेचा नवा आराखडा जुन्या पत्रकावर ठेवून पाहिला की शाळेची मैदाने, मंगल कार्यालये आणि वाहनतळ यांच्याखालून या काळ्या रेघा जाताना दिसतात.

सीताबर्डीच्या टेकडीविषयी लिहिले नाही तर नागपूरच्या नकाशांचा विषय अपुरा राहील. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि त्यांच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीची, म्हणजे रेसिडेंटची फौज यांच्यात इथे लढाई सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. इतिहासाच्या पुस्तकांत तिचे वर्णन वाचले तर आजच्या सीताबर्डीत उभे राहून काहीच उमगत नाही, कारण डोळ्यांसमोर उड्डाणपूल, मेट्रोचे स्थानक आणि दुकानांच्या पाट्या असतात. लढाईचा सारा अर्थ एका गोष्टीत आहे: टेकड्या दोन होत्या. मोठी टेकडी आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर, मध्ये एक सखल खिंड सोडून, तिच्यापेक्षा कमी उंचीची लहान टेकडी. पूर्वेला शहर, पश्चिमेला रेसिडेन्सी. २७ तारखेच्या सकाळी भोसल्यांच्या बाजूच्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठी टेकडी तोफेच्या माऱ्यात आली. पुढे घोडदळाचा हल्ला झाला, लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि इंग्रजांनी ती परत घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धनकाशांत समोच्च रेषा नसतात. टेकडीचा उतार उतरत्या बारीक रेघांनी दाखवतात, उतार जितका तीव्र तितक्या रेघा दाट. या रेघांच्या दोन पुंजक्यांवर बोट ठेवून मग वर पाहिले, तर मोठ्या टेकडीवर किल्ला आणि लहान टेकडीच्या दिशेला रेल्वे स्टेशनकडची, टेकडी गणपतीकडची जमीन कशी उतरते हे आजच्या गर्दीतही पायांना कळते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातले मोजके दिवसच तो लोकांना उघडा असतो. त्या दिवशी वर जाऊन पूर्वेला पाहिले तर शहर किती खाली आहे ते दिसते, आणि रेसिडेंटला हीच जागा का हवी होती हेही.

या मोहिमेचा वृत्तांत व्हॅलेंटाइन ब्लॅकर या अधिकाऱ्याने १८२१ मध्ये नकाशांसह प्रसिद्ध केला, आणि हाच ब्लॅकर पुढे भारताचा सर्व्हेअर जनरल झाला. नकाशा कोणी आणि कशासाठी काढला हे विचारायला हवे, ते यासाठी. लष्करी नकाशात तोफेच्या टप्प्यातली जागा, चढ, पाणी आणि वाट एवढ्याच गोष्टी महत्त्वाच्या असतात. खाली शहरात कोणत्या पेठेत कोण राहते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. शहराच्या जागी अनेकदा नुसते करडे ठिपके असतात. ज्या गल्ल्यांतून लढाईनंतर १८१७ च्या डिसेंबरच्या शेवटापर्यंत अरबांनी आतला कोट लढवला आणि जुम्मा दरवाजावरचा २४ डिसेंबरचा हल्ला परतवून लावला, त्या गल्ल्यांविषयी नकाशा गप्प राहतो. आज तिथे गांधी गेट उभे आहे, तो जुना जुम्मा दरवाजाच. त्याच्यापासून आत महालात चालत जाणे हाच उपाय. वारांची नावे धारण करणारे बाजार, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, हे कुठल्याही नकाशावर सापडतील.

शुक्रवारीच्या तलावाजवळ, म्हणजे जुम्मा तलावाजवळ, आणखी एक जागा नकाशाने चांगली समजते. मुंबईहून रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. टाटांनी जुम्मा तलावालगतची दलदलीची जमीन घेऊन भरणी सुरू केली, तेव्हा नागपुरातल्या एका सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला आणि हा माणूस जमिनीत सोने गाडतो आहे असे म्हटल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. गिरणी चालल्यावर त्यानेच कबूल केले म्हणतात की याने माती गाडली आणि सोने काढले. सावकाराचा हिशेब तसा अगदीच चुकीचा नव्हता. गिरणीपूर्वीची जमीन डोळ्यांसमोर आणली तर ती तलावाच्या आणि नदीच्या मधली सखल जागा आहे, आणि शहाण्या माणसाने तिथे पैसा घातला नसता. टाटांना स्टेशन जवळ हवे होते, पाणी हवे होते, आणि जमीन स्वस्त हवी होती; तिन्ही गोष्टी एकत्र मिळतील अशी जागा सखलच असणार.

रेल्वेच्या रेषांवर मी इथे फार रेंगाळत नाही, कारण त्या सगळ्यांना दिसतात. छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणाऱ्या अरुंद मापाच्या गाड्या बंद झाल्या, त्यांचे जुने मार्ग पत्रकांवर वेगळ्या चिन्हाने आहेत, आणि ज्यांना त्या गाड्यांची हौस आहे त्यांनी मोतीबागचे संग्रहालय पाहावे.

नकाशे मिळवायचे कुठून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. सर्वेक्षण विभागाची खुल्या मालिकेची १:५०,००० पत्रके त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यात संरक्षण खात्याच्या जागा दाखवलेल्या नसतात, तेव्हा कोऱ्या दिसणाऱ्या भागाला मोकळे रान समजू नये. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५५ पासून भारताची १:२,५०,००० प्रमाणाची मालिका काढली होती, ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहे आणि तिच्यात नागपूरचे पत्रक एनएफ ४४-९ आहे. त्यावर गल्लीबोळ दिसणार नाहीत, परंतु कन्हान, वैनगंगा आणि वर्धा यांच्यात नागपूर नेमके कुठे बसले आहे हे एका नजरेत कळते. पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपुरातही आहे. तिथे जाताना काय पाहायचे ते नेमके ठरवून जावे. "जुने नकाशे दाखवा" असे म्हणणाऱ्याला कोणीच मदत करू शकत नाही.

सगळ्यांत मोलाचा, आणि सगळ्यांत कमी पाहिला जाणारा नकाशा मात्र भूमी अभिलेख कार्यालयात असतो. मध्य प्रांतात जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा नकाशा एका मैलाला सोळा इंच या प्रमाणावर काढला गेला. टोपोशीटवर जे गाव एक ठिपका असते ते इथे शेतांच्या बांधांसह उलगडते. खसऱ्यांचे आकडे, पांदणी, नाले, बोडी, गावठाण, स्मशान, चराई, कधी एकटे मोठे झाड. सोबत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे गावाच्या सामाईक हक्कांचे आणि रूढींचे कागद वाचायला मिळाले तर कोणत्या तलावाचे पाणी कोणाला, कोणत्या वाटेने गुरे जायची, सरपण कुठून आणायचे हेही कळते. नकाशाची रेघ आणि माणसांचा हक्क असे एकत्र वाचायला दुसऱ्या ठिकाणी क्वचितच मिळतात. त्याची नक्कल मिळवायला अर्ज, शुल्क आणि चिकाटी लागते. एका कार्यालयात "हे गाव आता शहरात गेले, याचा नकाशा कशाला हवा" असे मला विचारले गेले. मी खसरा नंबर सांगितल्यावर प्रश्न थांबला, कारण खसरा नंबर असलेल्या माणसाचा काहीतरी मालमत्तेचा वाद असणार असे गृहीत धरले जाते आणि तशा माणसाला इथे सन्मानाने वागवतात.

नकाशा मिळाला की तो आजच्या शहरावर बसवायचा. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. जुन्या चित्रावरचा एक बिंदू आणि आजच्या उपग्रहचित्रावरचा तोच बिंदू अशा जोड्या देत गेल्या की कागद ताणला, फिरवला जाऊन जागेवर बसतो. सगळे कौशल्य हे बिंदू निवडण्यात आहे. रस्त्यांचे चौक घेऊ नयेत, कारण रुंदीकरणात चौक सरकतात. नदीचे वळणही घेऊ नये. सीताबर्डी किल्ल्याच्या तटाचा कोपरा, सिव्हिल लाइन्समधले ऑल सेंट्स चर्च, गांधी गेट, अंबाझरीच्या पाळीची दोन टोके, रेल्वेचे जुने पूल हे नागपूरसाठी चांगले आहेत. कापडावर चिकटवलेल्या नकाशाला घड्या असतात आणि घडीपाशी कागदाचे तुकडे एकमेकांपासून दूर गेलेले असतात, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा. गावनकाशे साखळीने मोजलेले असल्याने एका गावाच्या आत ते थक्क करण्याइतके बरोबर असतात आणि शेजारच्या गावाशी जोडताना शिवेवर फट किंवा चढ दाखवतात. ती फट बुजवण्याचा मोह आवरावा. शिवेवरच्या कित्येक वादांची जागा तीच असते.

काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे महापाषाण काळातली तीनशेच्या आसपास शिलावर्तुळे आहेत. ती साधारण ७९ अंशांच्या रेषेजवळच येतात, म्हणून तिथे जाताना दोन्ही पत्रके सोबत ठेवावी लागतात. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केले होते. वर्तुळे टेकडीच्या माथ्यावर नाहीत आणि नाल्याच्या काठावरही नाहीत. शेतीला निरुपयोगी अशा, मुरमाड, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर आहेत. समोच्च रेषा पाहिल्यावर ही निवड सहज पटते.

अशीच वर्तुळे नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे आहेत. नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये निबंध प्रसिद्ध करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी ही वर्तुळे पाहून घोड्यावरून बोरीकडे परतत होते. वाटेतला एक नाला पावसाने अचानक चढला होता, आणि त्यात ते बुडाले. ज्या माणसाने या प्रदेशातले खडक आणि ओढे इतक्या बारकाईने पाहिले होते त्याचा अंत नकाशावर काळ्या रेघेने दाखवावा अशा एका नाल्यात झाला. टाकळघाट २१ अंश अक्षांशाच्या खाली असल्यामुळे ५५ ओ/४ मध्ये येत नाही, त्यासाठी दक्षिणेकडचे पत्रक घ्यावे लागते. ते मी मागवले आहे. टाकळघाट ते बोरी ही जुनी वाट आज औद्योगिक वसाहतीच्या शेजारून कशी जाते आणि तिला आडवे येणारे नाले आता कोणत्या मोऱ्यांखालून वाहतात हे पाहायला दिवाळीनंतर, पिके निघाल्यावर जाणार आहे.